डिफ लॉकचा दिवा लुकलुकतो, लॉक लागत नाही: सर्व्हो मोटर बदलण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एटीव्ही (खडबडीत वाटेवरची चार चाकांची छोटी गाडी) फोर-व्हीलमध्ये नीट चालते, पण पुढच्या डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा, थोडक्यात ‘डिफ’चा) लॉक टाकायला बटण दाबलं की डॅशवरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. कधी थोडं अंतर गेल्यावर लॉक लागतो, कधी लागतच नाही, आणि लागला तर बटण बंद करूनही बराच वेळ सुटत नाही. मेकॅनिकचं म्हणणं आहे की डिफवरची सर्व्हो मोटर (लॉक सरकवणारी छोटी विजेची मोटर) गेली, नवी टाका. टाकावी का?

लगेच टाकू नका. मोटर खरंच गेलेली असू शकते, पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून ते ठरत नाही. उलट लॉक अधूनमधून लागतो म्हणजे मोटर फिरते आहे. पूर्ण मेलेली मोटर अधूनमधून काम करत नाही. असा प्रकार बहुतेक वेळा तीनपैकी एका कारणाने होतो: लॉक टाकायची पद्धत, मोटरच्या वायरच्या कपलरमधला (जोडणीतला) गंज, किंवा मोटर आणि तिने हलणारा डिफमधला फोर्क यांच्यामधली अडचण. मोटर सगळ्यात महाग आणि काढायला सोपी, म्हणून तिचंच नाव पहिलं निघतं.

आधी आत काय घडतं ते बघू, कारण निम्मं निदान तिथेच आहे. उघड्या, म्हणजे लॉक न लावलेल्या, डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो. एक चाक चिखलात मोकळं फिरायला लागलं की त्याला फिरवायला जेवढा टॉर्क लागतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. लॉक लावल्यावर आतली एक दातेरी कॉलर सरकते आणि एका बाजूचा साइड गिअर (त्या बाजूच्या ॲक्सलला फिरवणारा गिअर) डिफच्या आतल्या फिरत्या केसशी जखडते. मग डावं-उजवं चाक एकाच गतीने फिरतं. ही कॉलर सरकवतो फोर्क, आणि फोर्कला हलवते सर्व्हो मोटर किंवा हँडलवरच्या लिव्हरची केबल.

आता मुद्दा हा की कॉलरचे दाते समोरच्या खाचांत जाऊन बसले तरच लॉक लागतो. दात दातावर आला तर मोटर आपलं काम करून थांबते, स्प्रिंग कॉलरला दाबून धरते आणि सगळं जागच्या जागी वाट बघत राहतं. दिवा लुकलुकतो तो याच वेळात. यामाहाच्या तीन-स्थितीच्या बटणाच्या गाड्यांत तर कंपनीच सांगते की दिवा लुकलुकत असताना हँडल डावी-उजवीकडे फिरवा, म्हणजे लॉक बसायला मदत होईल. लॉक पूर्ण बसेपर्यंत त्या गाडीचं इंजिनही मुद्दाम जास्त फिरू दिलं जात नाही. म्हणजे लुकलुकणं हा काही बिघाड नव्हे. लुकलुकणं थांबत नाही, तेव्हा शोध सुरू करायचा.

इथे बरेच जण एक चूक करतात. दिवा लुकलुकतोय म्हणून गाडी सरळ पुढे नेतात. सरळ जाताना दोन्ही पुढची चाकं सारखीच फिरतात, त्यामुळे साइड गिअर आणि केस यांच्यात फरकच पडत नाही. दातावर आलेला दात शंभर मीटर गेलात तरी दातावरच राहतो. वळण घेतलं की एक चाक जास्त फिरतं, दुसरं कमी, आणि दाते खाचेसमोर येतात. तुमचा लॉक ‘कधी लागतो, कधी नाही’ याचं कारण एवढंच असू शकतं. तेव्हा पहिली चाचणी हीच करा: मोकळ्या मातीवर गाडी पूर्ण थांबवा, टू-व्हीलवरून फोर-व्हील, मग लॉक असं क्रमाने टाका आणि चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखी वळणं घेत थोडं फिरा. दर वेळी लॉक लागत असेल तर गाडीला काही झालेलं नाही.

सुटत नाही त्याचंही कारण तेच, फक्त उलटं. कडक जमिनीवर लॉक लावून वळलात की दोन्ही चाकांना वेगळं अंतर कापायचं असतं, पण कापता येत नाही. तो ताण ॲक्सल आणि दात्यांमध्ये साठतो. ताणाखाली घट्ट बसलेली कॉलर ना स्प्रिंगला जुमानते ना मोटरला. बटण बंद करून थ्रॉटल सोडा, हँडल सरळ करा, गाडी एक-दोन मीटर मागे घ्या, मग हळू डावी-उजवीकडे वळवा. ताण गेला की ‘टक्’ असा आवाज येऊन लॉक सुटतो. यात पुन्हा पुन्हा बटण दाबण्याने काही मिळत नाही, उलट मोटरला दर वेळी अडकलेल्या कॉलरशी झुंजावं लागतं.

गाडी कोणत्या प्रकारची आहे हेही पाहून घ्या, कारण सगळ्यांना ‘डिफ लॉक’ म्हणत असले तरी आतली यंत्रणा वेगवेगळी असते. वर सांगितली ती, दाते खाचांत बसण्याची, डॉग-क्लचची पद्धत. कावासाकीच्या ब्रूट फोर्समध्ये हँडलवरची लिव्हर केबलने डिफमधल्या क्लच प्लेट दाबते, म्हणजे जितकं दाबाल तितकं घट्ट. कॅन-ॲमच्या व्हिस्को-लॉकमध्ये बटणही नाही आणि मोटरही नाही: दोन चाकांच्या वेगात फरक पडला की आतला पंप दाब तयार करतो आणि क्लच प्लेट आवळल्या जातात. पोलारिसमध्ये तर पुढे नेहमीचं डिफरन्शियलच नसतं. तिथे रोलर क्लच असतो आणि तो विजेच्या कॉइलने जागा होतो, पण मागची चाकं घसरल्याशिवाय पुढची ओढत नाहीत. मागची घसरत नसताना पुढची ओढत नाहीत म्हणून ती गाडी बिघडली असं धरू नये. तुमच्या गाडीला बटण, दिवा आणि डिफवर मोटर आहे, म्हणून पुढचं सगळं मुख्यतः डॉग-क्लचबद्दल आहे.

आता चाकं उचलून करायची चाचणी. सपाट जमीन, मागच्या चाकांना अडण, गिअर टाकलेला, पार्किंग ब्रेक लावलेला, इंजिन बंद. पुढचा भाग जॅकने उचलून घोडीवर टेकवा, नुसत्या जॅकवर नको. आणि एक कडक सूचना: पुढची चाकं हवेत, मागची जमिनीवर, अशा अवस्थेत गिअर टाकून इंजिन चालवायचं नाही. मागची चाकं गाडी घोडीवरून ओढून नेतील. इंजिन चालवूनच बघायचं असेल तर चारही चाकं उचला.

चावी ऑन करून फोर-व्हील टाका, लॉक बंद ठेवा. डावं चाक हाताने फिरवा. उजवं उलट्या दिशेने फिरलं तर डिफ उघडा आहे आणि दोन्ही ॲक्सल शाबूत आहेत. प्रॉपेलर शाफ्टवर (इंजिनाकडून पुढच्या डिफकडे येणाऱ्या दांड्यावर) खडूची एक खूण करून ठेवा. चाक फिरवताना ती खूण हलली तर फोर-व्हीलच लागलेलं नाही, मग डिफ लॉकच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आता लॉकचं बटण दाबा आणि एखाद्याला चाक पुढे-मागे हलवायला सांगा. ‘टक्’ झालं आणि त्यानंतर चाक थोड्या खेळापलीकडे कुठेच फिरेना, की लॉक लागला. काही गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय लॉकची मोटर हलत नाही. तिथे चारही चाकं उचलून, न्यूट्रलमध्ये, लॉक लागल्याचं ऐका, इंजिन बंद करा, मगच हात लावा.

याच चाचणीतून दोन गोष्टी फुकट कळतात. पहिली: चाक प्रत्यक्ष जखडलेलं आहे पण दिवा अजून लुकलुकतो आहे. मग यंत्रणा ठीक आहे, खोटं बोलतोय तो पोझिशन स्विच किंवा त्याची वायर. लॉक लागल्याचं कळवणारा, डिफच्या बाहेरच्या केसवरचा हा छोटा दाबाचा स्विच मोटरच्या मानाने अगदी स्वस्त असतो, आणि मल्टिमीटरने दोन्ही स्थितींत सातत्य तपासलं की मिनिटात कळतं. त्याच्याखालची वॉशर मूळ जाडीचीच हवी, नाहीतर स्विचचा दांडा फोर्कपर्यंत पोचत नाही किंवा कायम दाबलेला राहतो.

दुसरी गोष्ट फारशी कोणी तपासत नाही. लॉक बंद असताना पुढचं एकही चाक ओढत नाही, आणि लॉक लावल्यावर एकच चाक ओढतं, असं असेल तर लॉकमध्ये दोष नाही. त्या न ओढणाऱ्या बाजूचा ॲक्सल बूटच्या (सांध्यावरच्या रबरी आवरणाच्या) आत तुटलेला आहे, किंवा हबचे स्प्लाइन (ॲक्सल ज्यात अडकतो ते दाते) गेलेत. उघड्या डिफमधून सगळी ताकद तुटलेल्या बाजूने वाया जाते, लॉक लावला की निदान दुसरं चाक तरी मिळतं. बूट बाहेरून अखंड दिसतो, म्हणून हे लक्षात येत नाही.

वायरिंग उघडण्याआधी टायर बघा. २५ इंची टायरचा घेर साधारण २ मीटर असतो. डाव्या-उजव्या घेरात १ सेंमीचा फरक असेल तर लॉक लावून सरळ २० मीटर गेल्यावर १० सेंमीचा फरक होतो, आणि कडक जमिनीवर तो कुठेतरी ताण म्हणूनच साठतो. मग लॉक सुटत नाही. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा फार कमी असते, बऱ्याचदा ५ पीएसआयच्या आसपास, त्यामुळे १-२ पीएसआयचा फरकही मोठा ठरतो. गाडीच्या साध्या गेजवर ५ पीएसआय नीट वाचता येत नाही, कमी दाबाचा गेज घ्या. दोन्हीकडे सारखी हवा भरून टेपने घेर मोजा. एकीकडे नवा आणि दुसरीकडे झिजलेला टायर असेल तर तुमच्या ‘सुटत नाही’चं मोठं कारण मिळालं समजा.

विजेच्या बाजूला बॅटरीपासून सुरुवात. पूर्ण चार्ज, विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. १२ च्या खाली असेल तर सर्व्हो सुस्त होते आणि कंट्रोलरही विचित्र वागतो. आधी चार्ज करा, मग बाकीचं. फ्यूज डोळ्यांनी बघून चालत नाही, टेस्ट लॅम्पने दोन्ही टोकं तपासा.

त्यानंतर डिफवरच्या मोटरचा कपलर. हा भाग चिखल, पाणी आणि दगडांच्या मार्गात बसवलेला असतो. कपलर उघडा आणि पिनांवर हिरवट थर आहे का बघा. असला तर अधूनमधून चालणाऱ्या लॉकचं कारण बहुतेक तेच. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, सैल झालेले मादी-टर्मिनल हलकेच आवळा, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बंद करा. वायर मागे कुठे जाते तेही हाताने चाचपा. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की ताणली जाणारी किंवा ए-आर्मला (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या हाताला) घासणारी वायर वरून चांगली दिसते, पण आतून एक-दोन तारांवर टिकलेली असते.

मल्टिमीटर तुम्हाला फसवतो तो इथेच. तो करंट घेत नाही, म्हणून एकाच तारेवर टिकलेली वायरही त्याला १२ व्होल्ट दाखवते. मोटरला मात्र करंट लागतो. म्हणून मोटरच्या जागी ५ ते १० वॉटचा साधा बल्ब जोडा आणि कोणाला तरी बटण फिरवायला सांगा. सर्व्होला वीज काही सेकंदच मिळते, लॉकसाठी एका दिशेने आणि सोडवण्यासाठी उलट्या. दोन्ही वेळा बल्ब भरपूर उजळला तर वायरिंग, स्विच आणि कंट्रोलर निर्दोष ठरले. मंद उजळला तर व्होल्टेज वाटेत पडतंय. बल्ब जळत असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून कपलरच्या अर्थपर्यंत मीटर लावा: काही दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. अजिबात उजळला नाही तर हँडलवरचा स्विच, मग रिले किंवा कंट्रोलर. लॉकवर वेगमर्यादा असलेल्या गाड्यांत स्पीड सेन्सर चुकीचा वेग सांगत असेल तरी कंट्रोलर लॉक देत नाही. गाडी उभी असताना स्पीडोमीटर शून्यावर आहे का, ही खात्री आधी करा.

आता कान लावा. बटण दाबल्यावर मोटरचा ‘घूंऽ’ असा एक सलग आवाज येऊन थांबला की मोटर फिरली. आवाज येतो पण लॉक हलत नाही, तर मोटरच्या आतले गिअर झिजलेत किंवा फोर्क अडकलाय. थांबून थांबून तोच आवाज येत असेल तर कंट्रोलरला ‘पोचलो’ हा निरोप मिळत नाही आणि तो पुन्हा प्रयत्न करतोय, म्हणजे पुन्हा पोझिशन स्विच, किंवा दातावर दात. बल्ब चांगला जळतो पण मोटर गप्प, तर मोटर जॅम.

एवढं करूनही उत्तर मिळालं नसेल तरच मोटर काढा. माझ्या मते संपूर्ण शोधातली सगळ्यात मोलाची पायरी हीच आहे, कारण ती प्रश्नाचे दोन तुकडे करते. काढण्याआधी त्या भागातला चिखल धुऊन, वाळवून घ्या, नाहीतर मोटर उचलताच वाळू डिफमध्ये जाईल. चावी बंद करा, मोटर आणि केसवर रंगाने खूण करा, बोल्ट काढून मोटर सरळ बाहेर ओढा. मोटर लोंबकळत असताना चावी ऑन करू नका: तिचा छोटा पिनियन (टोकाचा दातेरी गिअर) फिरून जागा बदलतो आणि परत बसवताना फोर्कशी जुळत नाही. पिनियन नेमका कुठे हवा हे प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते समोर ठेवूनच बसवा.

उघड्या तोंडातून फोर्कचा दांडा किंवा दातेरी पट्टी दिसेल. दुसऱ्याला चाक हलवायला सांगून तो भाग बोटाने किंवा फडकं गुंडाळलेल्या पक्कडीने सरकवा. मऊ सरकला, टक् करून बसला, परत सुटला, तर डिफ आतून ठीक आहे आणि दोष मोटरमध्ये. अडखळला, करकरला किंवा सरकलाच नाही, तर नव्या मोटरने काहीही होणार नव्हतं. केबलच्या गाडीतही हीच युक्ती: केबल सोडा आणि डिफवरची लिव्हर हाताने हलवा. लिव्हर मोकळी असेल तर केबल गंजलेली किंवा चुकीची ताणलेली आहे. फार सैल केबलने लॉक लागत नाही, पण फार ताणलेली जास्त वाईट, कारण कॉलर अर्धवट लागलेली राहते आणि दाते गोल होतात.

मोटर दोषी ठरली तरी ती फेकण्याआधी उघडता येते का बघा. पाण्यातून गाडी गेली त्या दिवशी लॉक चालला आणि रात्रभर उभी राहिल्यावर अडकला, असा इतिहास असेल तर आत पाणी शिरून गंज चढलाय. ओ-रिंग दबून चपटी झालेली असते, ग्रीस सुकून खवल्यांसारखं होतं. साफसफाई, नवं ग्रीस आणि नवी ओ-रिंग एवढ्याने बऱ्याच मोटरी परत चालतात. नवी मोटर आणून जुनीच ओ-रिंग लावली तर ती पुढच्या ओढ्यात याच वाटेने जाईल. आणि मोटर फिरते का बघायला थेट १२ व्होल्टची बॅटरी लावू नका. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये यासाठी १.५ व्होल्टचे दोन सेल वापरायला सांगितलंय आणि १२ व्होल्टला स्पष्ट मनाई आहे. पूर्ण व्होल्टेजने पिनियन शेवटच्या टोकाला आदळला की चांगली मोटरही जाते.

फोर्क अडखळत असेल तर आधी तेल काढा, केस नंतर. पुढच्या डिफमध्ये बऱ्याचदा पाव लिटरच्या आसपासच तेल असतं, त्यामुळे थोडंसं पाणीही त्याची वाट लावतं. दुधाळ तेल म्हणजे पाणी. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक करडी पूड असणं ठीक, पण नखाएवढे तुकडे असतील तर केस उघडावीच लागेल. तेल दुधाळ असेल तर दोष सीलवर ढकलण्याआधी ब्रीदरची (डिफमध्ये हवा ये-जा करू देणारी) नळी तपासा. तापलेला डिफ थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदर मोकळा असेल तर वरून हवा आत येते, चिखलाने बुजलेला असेल तर डिफ सीलच्या ओठातून पाणी ओढून घेतो. सील बदलून ब्रीदर तसाच ठेवला तर नवं तेलही दुधाळ होईल. नवं तेल भरताना ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच. क्लच प्लेटच्या किंवा कॉइलच्या प्रकारात कंपनीने सांगितलेलं खास तेल सोडून साधं गिअर ऑइल घातलं तर लॉक उशिरा लागणं, चिकटून राहणं असे नवे रोग सुरू होतात.

केस उघडायची वेळ आली तर बहुतेकदा सापडतं ते हे: वाकलेला फोर्क, तुटलेली स्प्रिंग, किंवा गोल झालेले दाते. गोल दात्यांचं लक्षण बाहेरही दिसतं. लॉक लागतो, दिवा स्थिर होतो, आणि जोर पडताच ‘कड्-कड्’ करत सुटतो. चाक गरगर फिरत असताना लॉक टाकायच्या सवयीने ते होतं. अशा वेळी कॉलर आणि तिच्या समोरचा भाग दोन्ही बदला. एकच बदलला तर जुने दाते नव्यांनाही खातात. शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) कोणत्या बाजूची किती हे काढतानाच लिहून ठेवा. ती अदलाबदल झाली तर क्राउन-पिनियनचा (डिफच्या मुख्य गिअरजोडीचा) खेळ बिघडतो आणि डिफ ओरडायला लागतो. ते मोजायला डायल गेज नसेल तर हे काम ते असलेल्याकडे द्या.

तुमच्या बाबतीत मी याच क्रमाने जाईन: आठसारखी वळणं, टायरचा घेर, चाकं उचलून टक् ऐकणं, कपलर, बल्ब, आणि शेवटी मोटर काढून फोर्क हाताने. पहिल्या चार गोष्टींना एक संध्याकाळ पुरते आणि जवळजवळ काही खर्च नाही. फोर्क हाताने मऊ सरकला आणि बल्बही उजळ जळला, तर मेकॅनिकचं म्हणणं बरोबर होतं, खुशाल मोटर टाका, ओ-रिंगसकट. बसवल्यावर पहिल्यांदा पाण्यातून जाऊन आलात की डिफचं तेल थोडं सोडून त्याचा रंग बघा.